आई डोंगरावरून उतरत नाही

व्हिक्टोरिया, ४ जुलै १९९३

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. आईच्या खोलीला फिकट हिरवा रंग दिलास, खिडकीतून समुद्र दिसतो, हे सगळं मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती "बरं" म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली. सांधे दुखतील म्हणून मी वाटाणे तिच्या हातातून काढून घेतले. मग ती नुसती बसून राहिली. बाबा गेल्यापासून दोन वर्षं ती माझ्याकडे अशीच आहे. तक्रार नाही, हट्ट नाही. कुणाचं तरी पार्सल आपल्या घरी येऊन पडावं तशी. आणि आता ते पार्सल मी तुझ्याकडे धाडणार असं वाटून कधीकधी मलाच रडू येतं. पण ठरलंय ते योग्यच आहे. सात ऑगस्टला मी तिला तेमुकोहून विमानात बसवते, पुढे ती कायमची तुझी.

त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे आणि तू चिडणार आहेस. आम्ही स्की करायला चाललोय. रायेनला शाळेची हिवाळी सुट्टी आहे आणि रोलान्दोच्या डोक्यात हे खूळ शिरलंय. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरकडून त्याने जुने स्की घेतले, सोबत एक शिकवणारी पुस्तिकाही मिळाली. हार्डवेअरचं दुकान बंद करून घरी आला की तो रोज बैठकीतल्या गालिच्यावर स्की चढवून गुडघे वाकवतो, आणि आमची अकरा वर्षांची लेक पुस्तिका हातात धरून मास्तरीण होते. पुस्तिकेतलं चौदावं पान फाटलंय. अनुक्रमणिकेप्रमाणे त्यावर 'थांबणे' आहे. रोलान्दो म्हणतो, थांबायला काय शिकायचंय, ते माणसाला आपोआप येतं.

जागा मोठी नाही. लोस चिल्कोस म्हणून ज्वालामुखीच्या अंगावर दोन उतार आहेत, एक लहान, एक मोठा. एक कॅफेटेरिया आणि सहा लाकडी खोल्या. परदेशी लोक येतात ती ठिकाणं वेगळी, इथे आपल्यासारखे घरून डबे घेऊन येतात. पाच दिवसांचा बेत आहे. आईपण येतेय, ओले मोजे वाळवायला आणि थर्मास सांभाळायला. तिला विचारलं तर "बरं" म्हणाली.

तुझी,
फ्रेसिया


आंतोफागास्ता, ९ जुलै

फ्रेसिया,

एकोणसत्तर वर्षांच्या बाईला तुम्ही बर्फात नेताय. मी तुझं पत्र एस्तेबानला वाचून दाखवलं तर तो हसला. माझ्या नवऱ्याचा मला किती आधार आहे ते यावरून समजून घे.

बर्फ ही लांबून बघायची गोष्ट आहे. लहानपणी आपण तो ज्वालामुखी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितला, कुणालाही त्याच्यावर चढून बसायची गरज वाटली नाही. पण तुमचं ठरलंच आहे, तर निदान एवढं कर. आईला दोन लोकरी पायजमे घाल. तळलेलं देऊ नकोस. स्टोव्हजवळची जागा आधी जाऊन धर आणि तिला तिथून उठू देऊ नकोस. जिने नाहीत, ओझी नाहीत, वारा नाही. दुपारी झोप. कुणी तिच्याशी फार बोलत बसलं तर तिथून हलव, ती थकते.

इथे सगळी तयारी झाली आहे. काल आरामखुर्चीसुद्धा आली. कळ दाबली की पाठ मागे जाते आणि पाय वर येतात. आईला आता आयुष्यात काही म्हणता काही करावं लागणार नाही. हे तिला नीट वाचून दाखव, तिला बरं वाटेल.

रोलान्दोबद्दल मी बोलणार नव्हते. पण माझ्या लग्नात सपाट लाकडी जमिनीवर नाचताना जो माणूस बँडवाल्यांवर पडला, त्याच्या पायाला तू फळ्या बांधून डोंगरावरून सोडणार आहेस, एवढं लक्षात असू दे.

नेलिदा


लोस चिल्कोस, १६ जुलै

प्रिय ताई,

निघायच्या आदल्या दिवशी तुझं पत्र मिळालं आणि त्यातली प्रत्येक सूचना मी पाळते आहे. आई स्टोव्हजवळ आहे.

प्रवास झकास झाला. शेवटच्या चढावर गाडी जरा अडकली तेव्हा सगळ्यांनी मिळून ढकलली. आईने नाही. म्हणजे तिने फक्त हात लावला.

इथे सगळं छान चाललंय. रोलान्दो आराम करतोय. पहिल्याच दिवशी पाय थोडा लचकला. लहान उताराच्या माथ्यावरून तो अगदी ऐटीत निघाला, पुस्तिकेतल्यासारखे गुडघे वाकवून, आणि सरळ कॅफेटेरियाच्या दारापर्यंत आला. दार उघडं होतं म्हणून आतही आला. आत सोपाइपियाच्या गरम पुऱ्या घ्यायला रांग लागली होती. इथली माणसं फार समजूतदार, त्यांनी वाट दिली. शेवटी तो लाकडांच्या ढिगापाशी थांबला, तेव्हा आपोआप थांबता येतं हे त्याचं म्हणणं तसं खरंच ठरलं. लिफ्ट चालवणाऱ्या बेलार्मिनोने त्याला लाकडं वाहायच्या ढकलगाडीवर घालून खोलीवर आणून दिलं.

आईचं म्हणशील तर मी तिला स्टोव्हजवळ बसवून दिलं होतं, शपथ. पण स्टोव्ह धूर करत होता. तिने पाच मिनिटं त्याच्याकडे पाहिलं, उठली आणि नळी ठोकून सरळ केली. मग कळलं की इथली स्वयंपाकीण दाढ काढायला खाली कुराकाउतीनला गेलीय आणि बेलार्मिनो एका हाताने लिफ्ट सांभाळत दुसऱ्याने सोपाइपिया तळतोय. त्या बघून आई म्हणाली, "हे काय आहे?" बेलार्मिनो म्हणाला, "सोपाइपिया, बाई." आई म्हणाली, "नाही." आणि ती आत गेली. मी तिच्या मागे गेले, म्हटलं आई, दे इकडे, मी करते. ती म्हणाली, "तू नवऱ्याकडे बघ."

काल तिने चाळीस माणसांचं काझुएला केलं, हाडांसकट मांस, भोपळा, कणीस, सगळं घालून. बेलार्मिनो तीन वाट्या प्यायला आणि टोपी काढून उभा राहिला. दुपारी ती झोपते असं मला वाटतं, कारण दोन ते चार ती दिसत नाही. परत येते तेव्हा गाल लाल असतात. झोप चांगली लागत असावी. बेलार्मिनोही त्या वेळी दिसत नाही, लिफ्ट तेवढी चालू असते.

रायेन मजेत आहे.

तुझी,
फ्रेसिया


आंतोफागास्ता, २१ जुलै

फ्रेसिया,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि पेन्सिल घेऊन तिसऱ्यांदा. त्यात बेलार्मिनो पाच वेळा आलाय. तुझा स्वतःचा नवरा एकदाच.

कोण आहे हा बेलार्मिनो? वय काय? घरी कोण आहे? दोन ते चार आई दिसत नाही, तो दिसत नाही, आणि आईचे गाल लाल होतात, आणि तू म्हणतेस झोप लागत असावी. तू शाळेत असल्यापासून अशीच आहेस. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तुझ्यासाठी रोज गोड पाव ठेवायचा तेव्हा तुला वाटायचं पाव उरतोय.

बाबांना जाऊन दोनच वर्षं झालीत. मी आईला दोष देत नाही. एकटं माणूस, डोंगरावरची हवा, पुरुष टोपी काढून उभा राहतो, कुणाचंही डोकं फिरेल. पण टोपी काढणं काही खर्चाचं काम नाही.

मला खरं काय ते लिही. आणि रोलान्दोचा पाय 'थोडा' म्हणजे किती लचकलाय तेही.

नेलिदा


व्हिक्टोरिया, २५ जुलै

प्रिय ताई,

खरं लिहिते. रोलान्दोचा पाय दोन ठिकाणी मोडलाय आणि मांडीपर्यंत प्लास्टर आहे. आम्ही एकोणीसला घरी आलो. आई आली नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मला शंका आली होती. सतरा तारखेला दुपारी मी ठरवलं की बघायचंच. लहान उताराच्या माथ्यावर झाडांपलीकडे ती दोघं जातात असं रायेन म्हणाली. पायी जायचं तर बर्फात कमरेपर्यंत रुतत होते. म्हणून मी रोलान्दोचे बूट घातले, आत तीन जोड मोजे, त्याचे स्की चढवले आणि लिफ्टपाशी गेले. ही लिफ्ट म्हणजे बसायची खुर्ची नव्हे. एक दोर सतत फिरत असतो, त्याला काठ्या लोंबतात, काठीच्या टोकाला बशीएवढी चकती. ती मांड्यांमध्ये धरून उभं राहायचं, दोर आपल्याला वर ओढतो. तिथे मोठ्या अक्षरात लिहिलंय की बसू नये. मी बसले.

अर्धा डोंगर मी पोटावर चढले, ताई. काठी सोडली असती तर सुटले असते, पण ते सुचलं नाही. तोंडात बर्फ, एक स्की मागे राहिलेला. माथ्यावर पोचून डोळे पुसले आणि समोरून आई आली. अंगात बाबांचा रेल्वेचा ओव्हरकोट, कमरेला दोरीने बांधलेला, पायात स्की. फार हळू येत होती, एखादं कपाट उतरणीला लागावं तशी, पण उभी होती. मागून बेलार्मिनो ओरडत होता, "गुडघे, बाई, गुडघे. घाबरता कशाला, जाऊ द्या जोरात." माझ्या शेजारून जाताना आई म्हणाली, "तिथे पडून राहू नकोस, माणसं येतात." आणि गेली. खाली.

संध्याकाळी मी तिला खूप बोलले. हाड मोडलं तर, सर्दी झाली तर, लोक काय म्हणतील. ती कांदे चिरत होती. एकोणीसला सकाळी गाडीत सामान भरलं, रोलान्दोला मागच्या सीटवर आडवा घातला, तरी आई येईना. स्वयंपाकघरात गेले तर तिची बॅग खिळ्याला टांगलेली. म्हणाली, "हंगाम सप्टेंबरपर्यंत आहे. तुम्ही जा." बेलार्मिनो दारात उभा होता. त्याने मान खाली घातली. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने टोपीपण खाली ओढली.

आता मला खात्री आहे. तू लिही तिला. तुझं ती ऐकते.

तुझी,
फ्रेसिया


आंतोफागास्ता, ३० जुलै

आई,

फ्रेसियाने सगळं कळवलंय. मी रागावलेली नाही.

तू मोठी आहेस, तुला कुणी अडवू शकत नाही. पण अशा गोष्टी रीतसर झाल्या पाहिजेत. त्या गृहस्थांचं वय किती, त्यांचं पहिलं लग्न झालं होतं का, मुलं किती आणि ती काय करतात, हिवाळा संपल्यावर ते कशावर जगतात, दारू किती घेतात, एवढं मला कळव. तुम्ही दोघांनी लग्नाचं ठरवलंच असेल तर ते इथे, आमच्या चर्चमध्ये, पाद्रींच्या समोर आणि साधेपणाने होईल. पांढरा पोशाख नाही. बाबांचा ओव्हरकोट त्या गृहस्थांना देऊ नकोस.

विमानाचं तिकीट सात तारखेचं आहे. तू आलीस तर यातलं काही न बोलता आपण पुढे जाऊ. खोली तयार आहे, खुर्ची तयार आहे. मी रोज ती पुसते.

तुझी,
नेलिदा


लोस चिल्कोस, ४ ऑगस्ट

नेलिदा,

तुझं पत्र पावाच्या गाडीतून आलं. मी ते बेलार्मिनोला वाचून दाखवलं, कारण त्याच्याबद्दल होतं. तो बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागला तो अजून आत आलेला नाही. त्याची बायको त्रान्सितो माझ्या शेजारीच बसली होती. दाढ काढून आलेली ती हीच. ती इतकी हसली की दाढेची जागा पुन्हा ठणकायला लागली. लग्नाला येईन म्हणते, पांढरा पोशाख हवाच म्हणते.

बेलार्मिनो एकाहत्तर वर्षांचा आहे. सहा मुलं. दारू घेत नाही, मला घाबरतो. तुझे प्रश्न झाले असतील तर आता माझं ऐक.

मी दोन वर्षं फ्रेसियाकडे होते. पोरगी सोन्यासारखी आहे. पण मी सुरी उचलली की म्हणते, आई, दे इकडे. झाडू उचलला, दे इकडे. वाटाणे, दे इकडे. तुमचे बाबा गेले तेव्हा माझ्याकडे काम तरी होतं, तेही तुम्ही प्रेमाने काढून घेतलंत. मी भांडले नाही. तुम्हा दोघींचे चेहरे इतके काळजीचे असायचे की मला वाटलं खरंच मी आजारी असेन आणि मला सांगत नसाल.

इथे आले त्या दिवशी गाडी अडकली. रोलान्दो घसरत होता, फ्रेसिया रडत होती. मी मागे जाऊन खांदा लावला आणि गाडी हलली, नेलिदा. ती मी हलवली. फ्रेसियाने तुला काय लिहिलं असेल मला ठाऊक आहे.

मग ते स्की. दुसऱ्या दिवशी माणसं जेवून गेल्यावर मी दारात उभी राहून बघत होते. बेलार्मिनोने विचारलं, "करायचं का, बाई?" मी म्हटलं, पडेन. तो म्हणाला, "पडालच की. मग उठायचं." गेल्या दोन वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. सगळे म्हणतात सावकाश. पहिल्या दिवशी अकरा वेळा पडले. बाबांचा कोट जाड आहे, काही झालं नाही. आता लहान उतारावर वरून खालपर्यंत येते. वळणं अजून डावीकडेच जमतात, म्हणून जायचं असतं तिथे मी जरा लांबून पोचते.

तुझ्या खुर्चीबद्दल फ्रेसियाने वाचून दाखवलं होतं. पाठ मागे जाते, पाय वर येतात. ते ऐकून मी फार घाबरले. तू ती प्रेमानेच घेतलीस. मला ठाऊक आहे तू ती रोज पुसतेस. पण तिच्यात आधी एस्तेबान बसू दे.

सात तारखेला मी येत नाही. शनिवारी शाळेची साठ मुलं येणार आहेत आणि त्रान्सितोला मीठ कळत नाही.

आई


लोस चिल्कोस, १५ ऑगस्ट

प्रिय फ्रेसिया,

हो, मी इथे आहे. तुला न सांगता आले कारण तू आईला सांगितलं असतंस. एस्तेबानला म्हटलं, जाते, हाताला धरून तिला खाली आणते आणि मंगळवारी परत येते. तीस तासांच्या बसप्रवासात आईला काय काय बोलायचं ते मी पाठ केलं. सुरुवात बाबांपासून होती, मध्ये माझ्या रक्तदाबाचा भाग होता आणि शेवटी मी गप्प राहून तिच्याकडे बघणार होते.

पावाच्या गाडीतून बाजारात जायच्या बुटांनी बर्फात उतरले. कॅफेटेरिया माणसांनी भरलेला. आई मोठ्या पातेल्यापाशी उभी होती, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि एका मिशीवाल्या धिप्पाड माणसाला बूट न पुसता आत आल्याबद्दल झापत होती. तो ऐकून घेत होता. मला बघून म्हणाली, "आलीस? हात धू, कांदे चीर." मी हात धुतले.

भाषण कांद्यांबरोबरच गेलं. चिरता चिरता मला रडू फुटलं आणि थांबेना. त्रान्सितो म्हणाली, कांदा तिखट आहे. आई म्हणाली, "कांदा नाही तो." मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "तुला वाटलं, मला तुझ्याकडे यायचं नाही म्हणून मी इथे राहिले." मी मान हलवली. फ्रेसिया, मला खरंच तसंच वाटलं होतं. दोन वर्षं ती तुझ्याकडे होती, मी फक्त पत्रं पाठवत होते. मला वाटलं, आता माझी पाळी आली आणि तिने डोंगर पसंत केला. आईने माझ्या हातातली सुरी घेतली, धार बघितली, परत दिली. म्हणाली, "मी येईन. पाहुणी म्हणून येईन, राहायला म्हणून नाही. ऑक्टोबरात समुद्र बघेन. जूनमध्ये इथे परत, मला पुढच्या वर्षी बोलावलंय. मधले महिने फ्रेसियाकडे, पण तिला सांग, स्वयंपाकघर अर्धं माझं." तेव्हा हे तुला सांगते आहे. अर्धं तिचं. दोन्ही बाजूंनी ओढाताण न करता मान्य कर, मी केलंय.

बेलार्मिनो मला टाळतो. काल मी त्याची माफी मागायला गेले तर तो लिफ्टच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावली. दाराला तोंड लावून माफी मागितली. आतून म्हणाला, "बरं, बाई, पण पत्र लिहू नका."

मंगळवार होऊन गेला हे तुझ्या लक्षात आलं असेल. त्याचं असं झालं की सोमवारी रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी सगळं इतकं पांढरं होतं की मी दारात उभी राहिले ती उभीच राहिले. आई म्हणाली, "नुसती बघू नकोस, दार उघडं आहे, गार वारा आत येतो. बाहेर जा नाहीतर आत ये." मी बाहेर गेले. तिने त्रान्सितोचे बूट काढून दिले. मला वाटलं ती हात धरेल. ती माथ्यावर माझ्या शेजारी उभी राहिली, म्हणाली, "गुडघे," आणि मला पाठीत ढकललं.

मी किती वेळा पडले ते लिहीत नाही. पडले की वर बघायची, आई उभी असायची, हात कोटाच्या खिशात, वाकायची नाही, आणि मी उठेपर्यंत वाट बघायची. काल संध्याकाळी एकदा मी खालपर्यंत आले. उभी. कॅफेटेरियातले सगळे खिडकीशी जमले होते आणि त्यांनी दार आधीच बंद करून घेतलं होतं, रोलान्दो आत शिरल्यापासून ते तशी काळजी घेतात.

आता एक काम कर. इथून टेलिफोन लागत नाही, म्हणून तू एस्तेबानला फोन कर आणि सांग की आईची तब्येत अचानक फार नाजूक झाली आहे, तिला एकटं सोडता येत नाही, आणि मला आणखी दोन आठवडे तरी राहावं लागेल. आवाज जरा गंभीर ठेव. तो विचारेल डॉक्टर काय म्हणाले, तर म्हण, विश्रांती सांगितली आहे.

पत्र इथेच थांबवते. आई बाहेरून हाका मारते आहे. मोठा उतार उघडलाय.

तुझी,
नेलिदा